चाळीस टक्के

तार्तूत रात्रीचे साडेदहा. नदीवर बर्फ, पुलावर कुणी नाही.
हेल्दुरने शुक्रवारी फाइलला नवं नाव ठेवलं
आणि मी सोमवारपासून हेल्दुरला नावं ठेवतेय.

'आर्वे' होती ती. आमच्याकडे आर्वे म्हणजे बिल.
अर्ध्या शहराच्या गरम पाण्याची बिलं
नऊ वर्षं ती एकटी काढत होती.
हेल्दुरला वाटलं असेल, नाव जुनाट झालं.
त्यानं तिला 'माक्सेद' केलं, दुसऱ्या फोल्डरात नेऊन बसवलं,
आणि एवढ्यावर थांबेल तर तो हेल्दुर कसला,
आतल्या भिंती पाडल्या, दारं फिरवली,
सगळं एकाच कमिटमध्ये,
आणि गेला बेटावर, बहिणीच्या सौनात, फोन बंद करून.

इकडे माझ्या शाखेवर
मी जुन्या नावाच्याच फाइलीत
सतरा ओळी दुरुस्त करत बसले होते.
आन्ने रस्त्यावरच्या एका विधवेला दर महिन्याला दोनदा बिल जायचं, म्हणून.

मर्ज करायला घेतलं तर गिट म्हणतं:
तिकडे ही फाइल खोडलेली, इकडे बदललेली. तूच ठरव.
खोडलेली? अरे, तिनं फक्त घर बदललंय!
पण गिटच्या वहीत नामांतराला रकानाच नाही.
ते बघतं, एक गेलं, एक आलं,
दोघांना शेजारी उभं करतं, काय काय जुळतं ते मोजतं.
निम्मं जुळलं तर म्हणतं, तीच ही.
हेल्दुरच्या हातून त्रेचाळीस टक्के वाचलं होतं.

छत्तीस साली माझ्या पणजोबांनी
बिर्कनवाल्ड हे आडनाव टाकून कासिक घेतलं.
जर्मन जाऊन एस्टोनियन. अर्थ तोच, भूर्जांचं रान.
चर्चच्या वहीत एका पानावर बिर्कनवाल्ड संपतात,
पुढच्या पानावर कासिक सुरू होतात,
मध्ये साधा बाणसुद्धा नाही.
धाकटा भाऊ एदुआर्द तेव्हा जहाजावर होता. त्याला कोण सांगणार?
तो अँटवर्पहून पैसे पाठवायचा, पाकिटावर बिर्कनवाल्ड लिहून,
आणि पोस्टमन पिह्लाक ते पाकीट
सरळ कासिकांच्या दारात आणून द्यायचा.
नाव वाचायचाच नाही तो. वळणदार अक्षर, डांबराचा वास,
आणि या गावात समुद्रावरून पत्र येणारं घर दुसरं कुठलं?

मग पिह्लाकचे गुडघे गेले.
नवा पोरगा आला, सायकल चकचकीत, पत्ता म्हणजे पत्ता.
तीन पत्रं परत गेली:
'या नावाचं इथे कुणी नाही.'
पुढे कधीतरी खलाशांच्या वसतिगृहातून एक पेटी आली,
पेटीत ती तीन पाकिटं, तिन्हींवर तोच शिक्का.
एदुआर्द नाही.

मी उंबरठा खाली आणते. पन्नासाचा चाळीस.
पुन्हा मर्ज.
या वेळी गिट थबकतं, ओळखतं,
माझ्या सतरा ओळी माक्सेदच्या दारात आणून ठेवतं.
अकरा मुकाट्यानं आत जातात.
सहा भांडतात. वर डावे बाण, खाली उजवे बाण,
मध्ये 'बरोबर'च्या खुणांची अख्खी रांग,
आणि बरोबर मात्र धड कुणीच नाही.
अर्धं त्याचं घेते, अर्धं माझं,
एका ठिकाणी दोघांचंही टाकून तिसरंच लिहिते.
एक वाजतो. कॉफीवर साय धरलीय.

नोंदीत लिहिते:
हेल्दुर, नाव बदलशील त्या दिवशी फक्त नाव बदल.
तेवढंच कमिट कर. आत हात घालायचा तो नंतर घाल.
मध्ये पोस्टमनपुरती जागा ठेव.

पोस्टमन? त्याला काय कळणार.
खोडते. लिहिते:
'मर्ज. आर्वे आता माक्सेद. दुहेरी बिल बंद.'

माक्सेद.
तसं बरं नाव आहे.